अकरा सेकंदांचा गोंगाट

१७ ऑक्टोबर २०१३, सेंदाई

एका गंजलेल्या बिस्किटांच्या डब्यापायी आज माझा अख्खा दिवस गेला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

इशिनोमाकीला फोटो धुणारे स्वयंसेवक आहेत. त्सुनामीच्या चिखलात सापडलेले लोकांचे फोटो ते अजून, अडीच वर्षं होऊन गेली तरी, घमेल्यात धुऊन दोरीवर वाळत घालतात. डबा त्यांच्याकडून आला. आत टेपची जुनी फिरकी, चिखलाने एका बाजूला घट्ट चिकटलेली. फोटो धुता येतो, आवाज कसा धुणार? म्हणून विद्यापीठात, आमच्या ध्वनी-लॅबमध्ये पाठवला.

डब्याबरोबर मालकही आला होता. नुमाता-सान, वय पंचेचाळीसच्या आसपास, पाठीला गिटार. छोट्या बारमध्ये बसून रडकी जुनी गाणी म्हणायची हा त्यांचा धंदा. ते बार वाहून गेले. आता कासेत्सुत, म्हणजे सरकारने बांधून दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांत राहतात आणि मासळीच्या कारखान्यात पार्टटाइम काम करतात.

त्यांची आई त्या दिवशी घरातच होती. तीन आठवड्यांनी सापडली. आई होक्काइदोची, ऐनू. जपानी लोक त्या बेटावर जाऊन वसले त्याच्या कितीतरी आधीपासूनचे हे तिथले लोक. पण आईने हे मुलाला कधी सांगितलंच नाही. तिसाव्या वर्षी एका मावशीच्या अंत्यविधीला गेले तेव्हा यांना कळलं. विचारल्यावर आई एवढंच म्हणाली, "सांगितलं असतं तर शाळेत मार खाल्ला असतास." भाषेचा एक शब्दही शिकवला नाही.

टेपवर आजी आहे. १९५५ साली कोणी प्राध्यापक गावात आले आणि आजीचं गाणं टिपून घेऊन गेले, पुढे एक प्रत घरी पाठवली. आईने ती आयुष्यभर लपवून ठेवली. नुमाता-सानांनी ती कधी ऐकलेली नाही. पुढच्या सप्टेंबरात आईच्या गावाकडे पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा विधी आहे, तिथे आईसाठी त्यांना हे गाणं म्हणायचंय.

"आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही," ते म्हणाले. "फोनमध्ये होता, तो फोनही गेला. निदान आजीचा तरी मिळू दे."

मी म्हटलं, देतो. लखलखीत करून देतो.

८ नोव्हेंबर

टेप तीन आठवडे सुकवली, मंद आचेवर शेकली. सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, म्हणाले होते, ही एकदाच वाजेल. तसंच झालं. यंत्राच्या हेडवरून पुढे सरकताना तिच्यावरचा तपकिरी थर सुटत गेला. शेवटी फिरकीवर उरली ती आरपार दिसणारी पट्टी आणि टेबलावर दालचिनीच्या पुडीसारखी भुकटी. त्या भुकटीत गाणं होतं. पण एक अक्षर सुटलं नाही, सगळं कॉम्प्युटरवर आलं. सतरा मिनिटं.

नुमाता-सानांना हजर राहायचं होतं, मीच नको म्हटलं. नंतर फोन आला, आहे तसं ऐकवाल का? मी म्हटलं, थोडं थांबा. अर्धवट काम कोणाला दाखवायची मला सवय नाही. पीठ मळताना पाहुण्यांना स्वयंपाकघरात कोण बोलावतं?

आणि खरंच ऐकवण्यासारखं नाही. आजीचा आवाज खणखणीत, पण भोवती काय बाजार! कुणीतरी अखंड काहीतरी बडवतंय. खोकला. कुत्रं. भांड्यांचा आवाज. १९५५चे प्राध्यापक बहुधा स्वभावाने गरीब असावेत, "जरा शांत बसा" एवढं म्हणायचीही त्यांची हिंमत झाली नाही.

३ डिसेंबर

बडवण्याचा आवाज काढणं सोपं होतं, दोन दिवसांत गेला. कुत्रंही गेलं. खरा त्रास पडसादाचा.

फिरकी वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. इथे तो फारच आहे. आजी एक ओळ म्हणते आणि तीच ओळ तिच्या मागून बारीक आवाजात पुन्हा ऐकू येते. गंमत म्हणजे अंतर प्रत्येक वेळी सारखं नाही. कधी तीनशे मिलिसेकंद, कधी चारशेच्या वर. शिवाय पडसाद चक्क वरच्या पट्टीत. खाऱ्या पाण्याने टेप आखडली असणार, दुसरं काय. असा नमुना एकाही शोधनिबंधात मला सापडला नाही. यावर स्वतंत्र पेपर होईल.

माझी बायको नेत्रा म्हणते, हेडफोन काढून जेवायला बस, नाहीतर ताटातली कोशिंबीरपण गाळून घेशील.

२२ डिसेंबर

सकाळी आईला स्काइप लावला. उल्का सात वर्षांची झाली तरी माझ्या मराठीला जपानीतून उत्तर देते, त्यामुळे आजी-नातीचं बोलणं म्हणजे मुक्याचा संवाद. आज आईनेच तोडगा काढला, संध्याकाळची प्रार्थना म्हणायला लागली आणि उल्काला म्हणाली, माझ्यामागून म्हण. मला आईचा आवाज नीट टिपून ठेवायचा होता. उल्का अर्धे शब्द गिळत मागून मागून येत होती आणि दोन आवाज एकमेकांवर आदळत होते. तिला म्हटलं, तू गप्प बस जरा, मग म्हण. ती उठून गेली ती गेलीच. आईचं रेकॉर्डिंग मात्र छान झालं.

पडसाद आजी जिथे थांबते तिथे उघडा पडतो. म्हणून त्या रिकाम्या जागाच कापल्या. सतराचं गाणं आता तेरा मिनिटांचं आहे, आणि आरशासारखं स्वच्छ.

१८ जानेवारी २०१४

आज नुमाता-सानांना गाणं दिलं.

त्यांनी हेडफोन लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तेरा मिनिटं हलले नाहीत. मग उठून मला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि वर बघेचनात. मी अवघडून गेलो. "आजी इथे शेजारी बसलीय असं वाटलं," ते म्हणाले. "एकटीच बसून गातेय. किती एकटी."

मी म्हटलं, बाकीचा सगळा गोंगाट काढून टाकला ना, म्हणून.

खरं लिहायचं तर घरी येताना बसमध्ये माझे डोळे भरून आले. दहा वर्षं आवाजावर काम करतोय, कुणाच्या उपयोगी पडल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं.

११ मार्च

नुमाता-सानांनी बोलावलं म्हणून कासेत्सुत गेलो होतो. दोन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी, भूकंपाच्या त्याच वेळेला, भोंगा झाला, सगळे उभे राहिले. मग सभागृहात त्यांनी आजीचं गाणं म्हटलं. शब्द जपानी लिपीत कागदावर उतरवून, अर्थ न कळता, रोज कारखान्यातून आल्यावर पाठ केलंय. गिटार नव्हती, नुसता गळा. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही, एकामागून एक ओळी. शेवटी शेवटी त्यांना धाप लागली.

शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "गाणं चांगलं आहे, पण कुणीतरी पाठीस लागल्यासारखं का म्हणतोय?"

मी म्हटलं, त्यांच्याकडे अशीच पद्धत असेल.

३१ मार्च

जपानात आर्थिक वर्ष संपतं म्हणजे घरात दिवाळीची साफसफाई निघते तसं. आमचा प्रकल्प आज संपला, जुना सर्व्हर बंद होतोय, ज्याला जे हवं ते त्याने पाच वाजेपर्यंत काढून घ्यावं असं पत्रक होतं. मूळ टेपची फाइल फार मोठी. नव्या जागेत माझ्या वाट्याला आलेली डिस्क लहान. स्वच्छ प्रत घेतली, कामाच्या नोंदी घेतल्या. मूळ फाइल सर्व्हरवरच राहू दिली. स्वच्छ असताना मळकं कशाला साठवायचं? पाचला सर्व्हर बंद झाला.

१४ जून

परिषदेत पेपर झाला. 'पाण्याने आखडलेल्या टेपवरील असमान पडसादाचे निर्मूलन'. आधी मूळ ऐकवलं, मग स्वच्छ केलेलं. मूळ लागल्यावर लोक हसले, इतकं ते भयंकर होतं. स्वच्छ लागलं आणि हॉल गप्प झाला. सेन्सेईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, गेल्या चार वर्षांत पहिल्यांदा.

१७ ऑगस्ट, होक्काइदो

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी क्रमाने लिहितो.

नुमाता-सान म्हणाले होते, तुम्ही मला आजी दिलीत, आता आईच्या गावी चला. लॅबला सुटी होती. बोटीने तोमाकोमाई आणि तिथून गाडीने हिदाका. गावातल्या फुमि आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. ऐनू भाषा चांगली येणाऱ्या त्या भागात आता त्याच एकट्या. गाण्याचा अर्थ त्यांना विचारायचा आणि विधीआधी त्यांच्यासमोर एकदा म्हणून दाखवायचं, एवढंच ठरलं होतं. माझ्या मनात थोडं कौतुक करून घ्यायचंही होतं. खोटं का लिहू?

नुमाता-सानांनी म्हटलं. फुमि आजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला हे कुणी शिकवलं?"

"टेपने."

"टेप लाव."

मी लॅपटॉप उघडला. आजीचा आवाज आल्याबरोबर फुमि आजींचा चेहरा उजळला. त्यांनी ओळखलं. त्यांचा हात आपोआप बैठ्या टेबलावर पडायला लागला. थाप, थाप. तीच चाल. मी दोन दिवसांत काढून टाकलेली. तीनचार ओळींनंतर त्यांची थाप चुकायला लागली, कारण ओळी लवकर येत होत्या, आणि त्या थांबल्या.

"ही एकटी का म्हणतेय?"

मी गाणं थांबवलं.

"हे बसून म्हणायचं गाणं आहे. पेटाऱ्याचं झाकण मधे ठेवायचं, भोवती बसायचं, झाकणावर ताल धरायचा. एकीने ओळ सोडली की दुसरीने मागून उचलायची. एकटीने म्हणायचं गाणंच नाही हे." मग नुमाता-सानांकडे वळून म्हणाल्या, "ते प्राध्यापक आले तेव्हा मी दारात उभी होते. झाकणाच्या ह्या बाजूला तुझी आजी, त्या बाजूला सुमि. दहा वर्षांची असेल. नेहमी अर्ध्या श्वासाने उशिरा यायची. आजी तिला रागवायची आणि तिच्यासाठी थांबायचीसुद्धा. ह्या टेपवर सुमि कुठाय?"

सुमि म्हणजे नुमाता-सानांची आई.

मला तेव्हाच, तिथेच सगळं कळलं. वरची पट्टी. कधी तीनशे, कधी चारशे. तो पडसाद नव्हताच. नुमाता-सान माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे, इतक्या आशेने, की आत्ता हा लॅपटॉपवर काहीतरी दाबेल आणि आई येईल.

"टेप फार खराब होती," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं मी.

२० ऑगस्ट, सेंदाई

सकाळी नऊला सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे गेलो. डिस्क एप्रिलमध्येच पुसून दुसऱ्या विभागाला दिल्या. नियमाप्रमाणे तीनदा पुसतात. त्या माणसाने मला कागद काढून दाखवला, तारखेसकट.

ज्यांनी मूळ टेप भरली त्या प्राध्यापकांचंही विचारलं. वारले, आणि त्यांच्या टेपा कुठे गेल्या ते त्यांच्या विद्यापीठात कुणालाच ठाऊक नाही.

२९ ऑगस्ट

नुमाता-सानांची मेल आली.

'चंद्रहास-सान, तुम्ही परतल्यापासून गप्प आहात. मनाला लावून घेऊ नका. मायक्रोफोन आजीच्या बाजूला असेल, आईचा आवाज तिथपर्यंत पोचला नसेल. साठ वर्षांपूर्वीची यंत्रं. तुम्ही होतं ते सगळं वाचवलंत.'

नऊ दिवसांत मी पाच वेळा त्यांना खरं काय ते लिहिलं आणि पाचही वेळा पुसलं. आता तर त्यांनीच मला सुटायला दार उघडून दिलंय. मायक्रोफोन लांब होता. कोण तपासणार आहे? टेपची पट्टी झाली, फाइल गेली. त्या मुलीला ऐकलेला माणूस जगात मी एकटा.

नेत्राला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "उल्काला गप्प केलंस, तसंच."

६ सप्टेंबर

सांगून आलो.

कासेत्सुतली त्यांची खोली जेमतेम चार चटया मावतील एवढी. डबा आईच्या फोटोपुढे ठेवलेला, त्यात ती पारदर्शक पट्टी अजून जपून गुंडाळलेली. मी जपानीत पाठ करून गेलो होतो, कारण अशा वेळी माझं व्याकरण सुटतं. सगळं सांगितलं. थापा गोंगाट समजून काढल्या. मागून येणारा आवाज टेपचा दोष समजून काढला. जागा कापल्या. मूळ फाइल मी स्वतः सर्व्हरवर सोडून दिली. फुमि आजींसमोर खोटं बोललो.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही आईला ऐकलंत."

"हो."

"किती वेळा?"

"शेकडो वेळा."

"कसा होता?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्याजवळ सांगायला आकडे होते. आजीपेक्षा वरची पट्टी, तीनशे ते चारशे वीस मिलिसेकंद उशीर, आजीच्या निम्म्याहून कमी जोर. दोन महिने मी तो आवाज कानांत घेऊन बसलो होतो आणि तो गोड होता का घोगरा होता, ती मुलगी घाबरली होती का तिला हसू येत होतं, मला आठवत नाही. मी तो ऐकलाच नव्हता, मी तो शोधत होतो, काढायला. एका माणसाने मला त्याच्या आईचा आवाज विचारला आणि मी त्याला सांगितलं, "बारीक होता."

"बारीक," ते म्हणाले. मान हलवली. मग फोटोकडे बघत राहिले. मी उठलो तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही.

७ सप्टेंबर

परिषदेची स्लाइड!

स्टेशनवर तिकीट काढताना आठवलं आणि तसाच लॅबला पळालो. रविवार, सगळं बंद, पहारेकऱ्याच्या हातापाया पडून आत गेलो. स्लाइड नऊ. 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'वर टिचकी मारली.

अकरा सेकंद. सर्व्हर बंद होण्याआधीच सगळ्यात वाईट तुकडा मीच शोधून स्लाइडवर लावला होता, लोक हसावेत म्हणून. थापा, कुत्रं, खोकला. सातव्या सेकंदापर्यंत आजी. मग आजी थांबते, आणि ती येते. चार सेकंद. ती ओळ पुरीही होत नाही, माझी कात्री आधी येते.

घोगरा आहे. सर्दी झालेल्या मुलाचा असतो तसा. आणि हो, तिला हसू येतंय.

फाइलचं नाव 'गोंगाट-१'. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

१४ सप्टेंबर

आठवडाभर एकच काम केलं. कापलेल्या जागांची यादी नोंदींमध्ये शिल्लक होती, कुठे किती कापलं याची. त्या सगळ्या जागा परत घातल्या. आवाज नाही, नुसती शांतता. गाणं पुन्हा सतरा मिनिटांचं झालं. आज ते आणि अकरा सेकंद घेऊन कासेत्सुत गेलो. विधी पुढच्या शनिवारी आहे.

दार उघडलं, आत घेतलं. चहा नाही विचारला. या देशात दहा वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

अकरा सेकंद त्यांनी एकदा ऐकले. मग विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

पुन्हा ऐकले. पुन्हा. कितीदा ते मी मोजलं नाही. एकदा आठव्या सेकंदाला हसल्यासारखे झाले. मग त्यांनी आईच्या फोटोपुढचा डबा उचलला, पट्टी काढून बाजूला ठेवली, झाकण चटईवर मधोमध उलटं ठेवलं आणि त्याच्यासमोर बसले. "गाणं लावा," म्हणाले.

सतरा मिनिटांचं गाणं लावलं. स्वच्छ आजी, एकटी. तिने पहिली ओळ सोडली. नुमाता-सानांनी झाकणावर थाप मारली, गंजक्या पत्र्याचा ठणठण आवाज झाला. आजी थांबली. मी परत घातलेली ती रिकामी जागा आली, आणि तिथे, अर्ध्या श्वासाने उशिरा, त्यांनी ओळ उचलली. आजीची नाही, आईची. शेहेचाळीस वर्षांचा माणूस दहा वर्षांच्या मुलीच्या जागेवर बसून गात होता, आणि आजी त्याच्यासाठी थांबत होती.

दोन हातांनी ताल पुरत नव्हता. झाकणाला चार बाजू होत्या आणि तीन रिकाम्या होत्या. मी पुढे सरकलो, थाप द्यायला हात उचलला.

त्यांनी गाणं न थांबवता माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

मी हात मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसून राहिलो.